कृपया मिस कॉल उचलू नये

सुंदररावांनी आयुष्यातला पहिला चालणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला तो सासूबाईंच्या डोळ्यासाठी.

तसे सुंदरराव बीडच्या एका डिप्लोमा कॉलेजात कॉम्प्युटरचे मास्तर. प्रोग्रॅम कसा लिहावा हे त्यांनी इतकी वर्षं इतक्या पोरांना शिकवलं होतं की स्वतः एखादा लिहून बघायला सवडच झाली नव्हती. फळ्यावर लिहिलेले त्यांचे प्रोग्रॅम कधीच अडकत नसत, कारण फळा काही चालवून बघता येत नाही. पण त्या उन्हाळ्यात बिंदुसरेच्या धरणात पोरांचे क्रिकेटचे सामने सुरू झाले, आणि तिकडे नेकनूरला सासूबाईंचं, म्हणजे मालनबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात वेळच्या वेळी थेंब टाकायचे, चुलीजवळ जाऊ द्यायचं नाही, वाकू द्यायचं नाही. लेकीनं चार दिवस येऊन राहावं एवढंच म्हातारीचं म्हणणं होतं. बीडहून नेकनूर ते कितीसं लांब! पण सत्यभामाबाईंना निघता येत नव्हतं, कारण टँकर.

सुंदरराव राहायचे पाली रस्त्याला, सहजीवन सहकारी गृहनिर्माण संस्थेत. दिवाळीपासून नळाला फक्त हवा यायची. संस्थेनं टँकर लावला होता. धोंडीराम तो टँकर पालीच्या पलीकडच्या एका विहिरीवर भरायचा, आणि विहिरीवर लाइट येईल तेव्हा भरायचा. त्यामुळे टँकर सकाळी येतो की दुपारी की टळटळीत बाराला, हे धोंडीरामलाही आधी माहीत नसायचं. बरं, आल्यावर हॉर्न वाजवायचीही सोय नव्हती. हॉर्न वाजला की वाटेतल्या वस्त्या हंडे घेऊन रस्त्यात उभ्या राहायच्या. म्हणून धोंडीराम तो एवढा मोठा टँकर दुसऱ्याच्या शेतातून हुरडा नेल्यासारखा गुपचूप गल्लीत आणून उभा करायचा. मग ज्याचा पाइप आधी टँकरात पडेल त्याचा ड्रम भरायचा. तेव्हा कुणीतरी घरी पाहिजेच. मुलगी पुण्याला शिकायला, सुंदरराव परीक्षेच्या ड्युटीवर. राहिल्या सत्यभामाबाई.

"सिंधुबाईला सांगून जा की," सुंदरराव एकदा म्हणाले. सिंधुबाई त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारीण.

"काय सांगू? माझा बी ड्रम भरून ठेवा म्हनून? अहो, पाटली मागितली तर काढून दील ती हातातली. पाणी कसं मागू?"

हे खरं होतं. सहजीवन संस्थेत साखर, विरजण, गॅसची टाकी, एकदा तर मुलगी दाखवायच्या कार्यक्रमासाठी अख्खा सोफासेट इकडून तिकडे गेला होता. पाणी मात्र त्या उन्हाळ्यात कुणी कुणाला मागत नव्हतं.

"मग तू जा बिनधास्त," सुंदरराव म्हणाले. "टँकर कधी येणार ते मी सगळ्यांना आधीच कळवायची व्यवस्था करतो. माझ्या फोनवर कळलं की मी कॉलेजातून दहा मिनिटांत घरी."

"तुमी?" सत्यभामाबाई म्हणाल्या. एवढ्याशा शब्दात त्यांनी वीस वर्षांचा संसार बसवला होता.

अभिमान दुखावलेला मास्तर समजावून सांगायला लागला की आवरत नाही. सत्यभामाबाई भाकरी थापत होत्या, तिथंच सुंदररावांनी तास घेतला. "प्रोग्रॅमच्या पोटात दोन गडी असतात असं समज. त्यांना थ्रेड म्हणतात. एक गडी जागा राहून कानोसा घेत असतो. दुसरा झोपलेला. ज्याची वाट बघायची ते घडलं की पहिला दुसऱ्याला ढोसतो. मग दुसरा उठून कामाला लागतो. ह्या ढोसण्याला म्हणायचं सिग्नल."

"म्हंजे एकानं जागायचं आन दुसऱ्यानं घोरायचं."

"घोरायचं नाही, वाट बघायची."

"आपल्या घरात बी असंच चालतं," भाकरी तव्यावर टाकत त्या म्हणाल्या. "फकस्त दुसरा गडी ढोसून बी उठत न्हाई."

योजना मात्र झकास होती. धोंडीरामनं विहिरीवरून निघताना एका नंबरावर मिस कॉल द्यायचा. तो नंबर सुंदररावांच्या लॅपटॉपला जोडलेला. पहिला गडी मिस कॉल ऐकणार, दुसऱ्याला ढोसणार, दुसरा उठून संस्थेतल्या घराघरांत एकेक मिस कॉल देणार आणि परत झोपणार. कुणी बोलायचं नाही, कुणाचं बिल चढायचं नाही. सुंदररावांना रात्रभर आपलंच कौतुक वाटत राहिलं.

सहकारी संस्थेत कौतुकालासुद्धा ठराव लागतो. अध्यक्ष मोहनराव हे रिटायर मंडल अधिकारी. घरातलं मीठ संपलं तरी ते सूचक-अनुमोदकानिशी संपावं, असा त्यांचा बाणा. त्यांनी तातडीची सभा बोलावली. सभेत पहिला वाद पेटला तो यंत्रानं मिस कॉल कोणत्या क्रमानं द्यावा यावर. "आधी अध्यक्ष, मग पदाधिकारी, मग सभासद, आणि थकबाकीदार शेवटी," मोहनरावांनी हुकूम सोडला. दुसरा वाद आश्रुबांनी काढला. आश्रुबा म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. जगातल्या कोणत्याही अडचणीवर त्यांच्याकडे घंटी हा एकच उपाय.

"सर, मी काय म्हनतो, एक घंटी थांब, दोन घंट्या चल. उभी हयात चालवली मी एसटी ह्याच्यावर. कॉम्पुटर पायजेच कशाला?"

"घंटी वाटेतल्या वस्तीला ऐकू गेली म्हणजे?" मोहनराव.

"मग हळू वाजवायची!"

ही सूचना इतिवृत्तात नोंदवण्यात आली.

सिमकार्ड घ्यायला गेल्यावर दुकानदार म्हणाला, अर्जदाराचा फोटो आणा. सुंदरराव म्हणाले, अर्जदार संस्था आहे. दुकानदार म्हणाला, मग संस्थेचा आणा. सुंदररावांनी भर उन्हात संस्थेच्या गेटचा पाटीसकट फोटो काढून नेला. तो वरून परत आला, शेरा असा की चेहरा स्पष्ट दिसत नाही. शेवटी मोहनरावांनी आपल्या निरोप समारंभातला फेटा बांधलेला फोटो दिला आणि त्या दिवसापासून ते ह्या यंत्राला 'आपलं यंत्र' म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी सुंदररावांनी लॅपटॉप चालू ठेवला, "आज तू आराम कर" असं बायकोला सांगितलं आणि ऐटीत परीक्षेला गेले. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच दगावलेली, त्यामुळे तो लाइट असेल तेवढाच चालायचा. ऐन वेळी लाइट गेली, थोड्या वेळानं आली, लॅपटॉप आपोआप चालू झाला. पहिला गडी चटकन तयार झाला. तेवढ्यात धोंडीरामचा मिस कॉल आला. पहिल्यानं इमानदारीत ढोसलं. पण दुसरा अजून आपल्या जागेवर येऊन झोपलाच नव्हता. ढोसणं हवेत गेलं. मग दुसरा सावकाश आला, आडवा झाला, आणि कुणीतरी ढोसेल म्हणून वाट बघत राहिला. पहिला म्हणतो मी उठवलं, दुसरा म्हणतो मला कुणी उठवलंच नाही. हरवलेल्या सिग्नलचा हा प्रकार सुंदरराव दर वर्षी पाच मार्कांसाठी शिकवत असत.

सत्यभामाबाई त्या दिवशी उन्हाळ्यात पहिल्यांदाच दुपारच्या झोपल्या. टँकर आला आणि गेला. फक्त सिंधुबाई वाळवण उलटायला बाहेर आल्या होत्या म्हणून त्यांना दिसला. त्यांनी ड्रम, हंडे, कळशा आणि लग्नातलं घंगाळसुद्धा भरून घेतलं. बाकी गल्ली कोरडी. यापूर्वी कधी असं झालं नव्हतं, आजच कसं कुणाला कळलं नाही, याचं सगळ्यांना फार नवल वाटलं. कारण मात्र कुणी शोधलं नाही. सगळ्यांचा राग लॅपटॉपवर निघाला.

सुंदररावांनी प्रोग्रॅम दुरुस्त केला. आता पहिला गडी नुसता ढोसायचा नाही, खूण पण करून ठेवायचा. दुसऱ्यानं झोपण्याआधी खूण बघायची. "आता सिग्नल हरवणं शक्य नाही," त्यांनी गेटवर उभं राहून जाहीर केलं. ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी सिग्नल आला, अजिबात हरवला नाही, घराघरांत फोन वाजले. अध्यक्ष, पदाधिकारी, सभासद, सगळे पाइप आणि हंडे घेऊन गल्लीत हजर. टँकर तेवढा नव्हता. लोक उन्हात उभे राहिले. चपला तापल्या. मोहनरावांनी डोक्यावर ओला रुमाल टाकला होता तो वाळून कडक झाला. अखेर सुंदररावांनी धोंडीरामला फोन लावला.

"टायर पंक्चर झालंय सर, आज येनं व्हत न्हाई," धोंडीराम म्हणाला. "तेच सांगाया तर मिस कॉल दिलता तुमाला!"

"अरे, सांगायला मिस कॉल कोण देतं?"

"सगळेच देतेत की. आपुन मिस कॉल द्यायचा, समोरचा उलटा फोन करतो, मंग सांगायचं. माझ्या फोनात बॅलन्स कुठं हाय?"

येत नाही हे सांगायचा सिग्नल आणि येतोय हे सांगायचा सिग्नल, दोन्ही एकाच आवाजाचे. सिग्नल नुसता उठवतो, का उठवलं ते सांगत नाही. म्हणून उठल्यावर आधी डोळे चोळून बघावं की आपण ज्याची वाट बघत होतो ते खरंच घडलंय का, आणि नसेल तर परत झोपावं. हा नियम सुंदरराव फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारत असत. प्रोग्रॅम लिहिताना त्यांना वाटलं होतं, एवढं काही लागत नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीत त्यांना बघून बायका तोंडाला पदर लावायला लागल्या. आश्रुबा भेटतील तिथं म्हणत, "दोन घंट्या, सर. मी तवाच म्हनलं." ह्या वेळी सुंदररावांना त्यांचं म्हणणं मनातून पटलं, पण वरून त्यांनी "बघू" असं म्हटलं. नवी पद्धत अशी ठरली: विहिरीवरून निघताना एक मिस कॉल, तो तयारीचा. संस्थेच्या अलीकडच्या वळणावर पोचलं की दुसरा, तो आल्याचा. दुसरा कॉल लागल्याशिवाय धोंडीरामनं टँकर गल्लीत घालायचाच नाही, म्हणजे सगळे एकदम तयार असतील आणि रेटारेटी होणार नाही. मोहनरावांनी फलकावर आपल्या सहीनं सूचना लावली: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, कृपया मिस कॉल उचलू नये. उलट फोनही करू नये.'

सत्यभामाबाईंनी त्या रात्री आईला फोन केला. आईनं विचारलं, येतीस का. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. सुंदररावांनी छातीवर हात ठेवला. "येते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली, शेंगदाण्याची चटणी भरली, आणि स्टँडवर जाऊन नेकनूरच्या गाडीत बसल्या. सुंदररावांनी रजा टाकून लॅपटॉपसमोर ठाण मांडलं. उजेडानं पडद्यावरचं नीट दिसेना म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पडद्यावर अक्षरं होती: वाट पाहत आहे.

पहिला मिस कॉल आला. दुसरा गडी उठला आणि घराघरांत मिस कॉल द्यायला लागला. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. पण आदल्या दिवशी उन्हात तापलेले सभासद आता यंत्राच्या नुसत्या खणखणाटावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. खरंच निघालाय की पुन्हा पंक्चर, हे विचारायला मोहनरावांनी उलटा फोन लावला. पदाधिकाऱ्यांनी लावला. सिंधुबाईंनी लावला. लाइन लागेना म्हणून परत परत लावला. ज्यांनी सूचना वाचली होती त्यांनी, सूचना बाकीच्यांनी पाळली का, हे विचारायला लावला.

आणि आश्रुबांनी फोन उचलला. घरी आलेला फोन न उचलणं त्यांच्या संस्कारात नव्हतं. प्रोग्रॅमला कुणी फोन उचलेल हे शिकवलेलंच नव्हतं, तो समोरचा कधी ठेवतो याची वाट बघत राहिला. आश्रुबा बोलत राहिले. आधी टँकरविषयी, मग पेन्शनविषयी, मग गेवराईच्या घाटात, म्हणजे जिथे घाट नाही तिथे, त्यांची गाडी कशी बंद पडली होती त्याविषयी. "लई सभ्य मानूस व्हता पलीकडं," ते नंतर सांगत होते. "मधी एकदा बी तोडलं न्हाई मला."

वळणावर कडुनिंबाखाली धोंडीराम भरला टँकर घेऊन उभा होता आणि दुसरा मिस कॉल लावत होता. लाइन बिझी. शब्दाला जागणारा माणूस, कॉल लागल्याशिवाय टँकर आत घालायचा नाही म्हणजे नाही. घराघरांत सभासद पाइप खांद्यावर घेऊन दुसऱ्या मिस कॉलची वाट बघत होते आणि तो अजून कसा आला नाही हे विचारायला फोन लावत होते. लाइन बिझी असल्यामुळे कॉल लागत नव्हता, आणि कॉल लागत नसल्यामुळे लाइन बिझी होती. सगळे नियम पाळत होते. सुंदरराव खिडक्या लावून पडद्यावरची तीच अक्षरं बघत होते आणि मनात म्हणत होते, काय शांतता आहे, काय शिस्त आहे.

बराच वेळ वाट बघून धोंडीराम टँकर घेऊन दुसऱ्या कॉलनीत गेला. तिथल्या लोकांनी कसलाही मिस कॉल न लागता पाणी घेतलं.

थोड्या वेळानं दार वाजलं. दारात सत्यभामाबाई, हातात पिशवी, चेहरा लाल. गाडी सुटायच्या बेतात होती. सहज म्हणून त्यांनी संस्थेच्या नंबरावर फोन लावला, नाही लागला. सुंदररावांचा फोन लावला, तो लॅपटॉपजवळ आवाज होऊ नये म्हणून बंद. मग उतरल्या आणि उन्हातून चालत आल्या.

"टँकरसाठी परत आलीस?" सुंदररावांनी अपराध्यासारखं विचारलं.

"टँकर गेला खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "फोन लागंना. मला वाटलं तुमालाच काय झालं."

त्या आत गेल्या, पिशवीतली चटणी काढून परत बरणीत भरली. सुंदररावांना शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नेकनूरला म्हातारी दाराकडे डोळे लावून बसली असेल, आणि तिथे तर एकच डोळा उघडा आहे, हे मनात आल्यावर त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

सभा झालीच. "माझा फेट्यातला फोटो आहे त्या सिमवर," मोहनराव गरजले. "उद्या काही बरंवाईट झालं तर लोक मला धरतील! यंत्र बंद करा. पूर्वीसारखं कुणीतरी गेटवर लक्ष ठेवा."

पूर्वी कोण लक्ष ठेवत होतं हे कुणाला नीट आठवेना. आता कोण ठेवणार, यावर सभेतले सगळे पुरुष आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागले. सुंदररावांनी एकदा सत्यभामाबाईंच्या रिकाम्या पिशवीचा विचार केला आणि उभे राहिले.

"मी बसतो. रजा टाकतो आणि बसतो."

"अनुमोदक?" मोहनरावांनी विचारलं. सगळ्यांचे हात वर गेले. संस्थेच्या इतिहासात असं एकमत झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामाबाई गेल्या. ह्या वेळी वळून न बघता गेल्या. सुंदरराव आपल्या दारात खुर्ची टाकून बसले. गल्लीतलं पहिलं घर त्यांचंच, टँकर वळला की सगळ्यात आधी इथून दिसतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. डोक्यावर छत्री, मांडीवर उत्तरपत्रिका. जाणारा-येणारा सल्ला देत होता. एक म्हणाला, खुर्ची सावलीत घ्या. दुसरा म्हणाला, सावलीत झोप लागेल, उन्हात घ्या. आश्रुबा पितळी घंटी ठेवून गेले. वाट बघणं हे काम आहे हे सुंदररावांना माहीतच नव्हतं. पाणी प्यायला आत जाता येईना, डुलकी काढता येईना, आणि कुणी विचारलं काय करताय, तर सांगण्यासारखं काही नाही.

अखेर टँकर दिसला. चोरासारखा, हळूच. सुंदरराव ताडकन उठले. आता ओरडायचं. पण वर्गाबाहेर आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. "अहो, टँकर आलेला आहे," असं ते गल्लीला उद्देशून म्हणाले. कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. मग लाज सोडून त्यांनी नरड्याच्या देठापासून हाक मारली, "आलं! पाणी आलंऽऽ!" पहिली काही दारं उघडली. शेवटच्या घरांपर्यंत हाक जाईना, म्हणून ओरडत तिकडे धावले. आश्रुबांना दोनदा उठवावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांनी "कोन बोलतंय?" असं विचारून पुन्हा डोळे मिटले. मोहनरावांनी दार उघडून, अध्यक्षांना आधी का नाही सांगितलं, याचा खुलासा मागितला. सगळ्यांना जागं करून सुंदरराव धापा टाकत परत आले, तेव्हा टँकरच्या तोंडात पाइपांची दाटी झाली होती. त्यांनी आतून आपला पाइप आणला, कसाबसा आत खुपसला, तोंडानं ओढला. थोडी धार आली आणि गुळण्या करत थांबली. ड्रमाच्या तळाला हात बुडेल एवढं पाणी.

सत्यभामाबाईंचा फोन आला. सुंदररावांनी "भरला ड्रम" असं खोटं सांगायची तयारी केली होती, पण तोंडातून नुसती खरखर बाहेर आली.

"आवाज बसला का?" पलीकडून त्या हसायला लागल्या. "म्हंजे ड्रम ऱ्हायला."

"तुला कसं कळलं?"

"आवाज बसला की ड्रम ऱ्हातोच. गल्लीला उठवून येईस्तोवर टँकर संपतो. माझं दुसरं काय झालं रोज?"

उन्हाळाभर बायकोचा घसा बसलेला होता, आणि सुंदररावांनी तिला लोणचं कमी खायला सांगितलं होतं. त्यांना एकदम भरून आलं. काहीतरी चांगलं बोलावं असं फार वाटलं.

"तू राहा तिकडं. आईजवळ राहा," ते म्हणाले.

"काय? ऐकू येईना!"

"राहा म्हणतो!"

"काय म्हनताय?"

सुंदररावांनी सगळा जीव घशात आणला. "राहा तिकडंच! यायचं काही काम न्हाई इकडं!"

भिंतीपलीकडे सिंधुबाई भांडी घासत होत्या, त्यांच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

थोड्याच वेळात सिंधुबाई भरली कळशी घेऊन दारात आल्या. डोळ्याला पदर. "भाऊजी, असं रागात कुनी बायकोला बोलतं व्हय? पान्यापायी संसार मोडू नका. हे घ्या," आणि कळशी ड्रमात ओतली. सुंदरराव खुलासा करायला गेले, पण आवाज फुटला नाही. घसा दाटून आलाय असं वाटून सिंधुबाई दुसरी कळशी आणायला गेल्या. मग आश्रुबा बादली घेऊन आले आणि आपल्या मंडळीनं एकदा कसं माहेर धरलं होतं ते सांगत बसले. गल्लीतल्या बायका एकेक हंडा आणून ओतत होत्या आणि "बोलवून घ्या सर तिला" असं हळूच सांगत होत्या. मोहनराव सामोपचार समिती नेमून, तिच्यासह, दोन घागरी घेऊन आले. ज्या गल्लीत उन्हाळाभर कुणी कुणाला पेलाभर पाणी दिलं नव्हतं, तिथे सुंदररावांचा ड्रम काठोकाठ भरला.

सगळे गेल्यावर त्यांनी घोटभर गरम पाणी पिऊन घसा मोकळा केला, बायकोला फोन लावला आणि घडलेलं सगळं सांगितलं. आता खरं सांगून टाकू का लोकांना, असंही विचारलं.

"काय बी सांगू नका," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी अजून चार दिवस ऱ्हाते. तुमी आपलं दारात तोंड पाडून बसा, आन ते रिकामं पिंप बी बाहेर काढून ठेवा."